रुमाल टाकलेलं नाव

बसच्या खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरणाऱ्या लोकांचा रुमालकाकांना मनापासून तिटकारा. त्यांनी सगळा जन्म कंडक्टरकी केली आणि त्या जन्मात सीटवरचे रुमाल, टोप्या, छत्र्या, एकदा तर डबीसकट दातांची कवळी उचलून मालकाच्या हातात परत दिली. वाक्य ठरलेलं होतं. "रुमाल बसत नाही. माणूस बसतो." समोर कोण आहे हे ते बघत नसत. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा रुमाल निघाला, तर तोही उचलला. मेव्हणा पुढे बरेच दिवस घरी जेवायला आला नाही आणि त्यात काही बिघडलं असं काकांना वाटलं नाही. लोकांनी नाव पाडलं रुमालकाका. खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल कुठेतरी.

तर या गृहस्थांनी निवृत्त झाल्यावर काय करावं? एका नावावर स्वतःचाच रुमाल टाकला, आणि तो वर्षानुवर्षं उचललाच नाही.

नाव होतं 'शेवटचा थांबा पक्ष'.

काकांची बस शहराच्या पार टोकाला जायची. शेवटच्या थांब्यापुढे रस्ता नव्हता, नुसतं गवत. बस तिथे वळून उभी राहायची आणि सुटायची वेळ होईपर्यंत काका आणि त्यांचे ड्रायव्हर पायरीवर बसून डबा खायचे. या ड्रायव्हरला सगळे भाऊ म्हणत. भाऊ बोलके, काका घुमे. भाऊंनी बोलायचं आणि काकांनी त्यातल्या चुका काढायच्या, अशी वाटणी होती. त्या वस्तीत पाणी यायचं ते सगळ्यात शेवटी, दिवा लागला तो सगळ्यात शेवटी, आणि डॉक्टर यायचाच नाही. एके दिवशी भाऊ डबा पुसत म्हणाले, "टोकाला राहणाऱ्यांचा एक पक्ष पाहिजे. मधल्या थांब्यांचे झाले तेवढे पुरेत." काकांनी यात चूक शोधली. सापडली नाही. ही त्यांच्या दृष्टीने मोठीच घटना होती.

आता, नवा पक्ष काढायचा म्हणजे उठलं आणि झेंडा लावला, असं नसतं. आधी नोंदणी कचेरीत जाऊन नाव राखून घ्यावं लागतं. राखलेलं नाव एक वर्ष तुमचं. त्या वर्षात सभासद जमवायचे, नियम लिहायचे, स्थापनेची सभा घ्यायची आणि पक्ष नोंदवून मोकळं व्हायचं. नाही जमलं तर मुदत वाढवून मिळते, पुन्हा पुन्हा मिळते. मधे दुसऱ्या कोणी तेच नाव मागितलं नाही म्हणजे झालं.

निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून नाव राखलं. वर्ष पुरं व्हायच्या आत भाऊ गेले. सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि फाटकापाशीच खाली बसले. काका एकटेच मुदत वाढवत राहिले.

मित्राची आठवण म्हणून करतात, असं लोक म्हणायचे. काकाही तसंच सांगायचे. खरं कारण निराळं होतं, आणि ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. राखून ठेवलेलं नाव कधी निवडणूक हरत नाही. हरतो तो नोंदवलेला पक्ष. उद्या मतं मोजली आणि मूठभर निघाली, म्हणजे भाऊंच्या कल्पनेचं जगात हसं. त्यापेक्षा ती फायलीत सुखरूप. आणि दुसरं म्हणजे, पक्ष काढायचा तर लोकांकडे जाऊन 'आमच्यात या' म्हणायला हवं. काकांनी आयुष्यभर लोकांकडे तिकिटाचे पैसे मागितले, ते हक्काने. विनंती करायची म्हटली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून मग ते पक्षाचे नियम लिहीत बसायचे. फाईल फुगून दोरीने बांधायची वेळ आली.

"अहो, तुमच्या पक्षाला माणसं कधी यायची?" काकू विचारत.

"नियम पुरे झाले की."

"म्हणजे ते काही माझ्या डोळ्यांना दिसायचं नाही."

दरवर्षी काका मुदतीच्या चांगले दोन महिने आधीच कचेरीत हजर. बूट पुसलेले, भांग पाडलेला. खिडकीमागच्या नोंदणीबाई आता ओळखीच्या झाल्या होत्या. तोंडाने फटकळ, हाताने चपळ. "काय काका, यंदा तरी निघतोय का पक्ष?" "यंदा नक्की." शिक्का. दोघंही खोटं बोलायचे आणि दोघांनाही ते चालायचं.

यंदा शिक्का उठला नाही.

"यंदा नाही जमायचं, काका. तुमच्या मागे रांग लागलीय."

काकांनी वळून पाहिलं. मागे एक रिकामं बाकडं होतं.

"तशी रांग नव्हे हो! हेच नाव दुसऱ्या कोणीतरी मागितलंय. आता मुदतवाढ नाही. हातात दोन महिने आहेत, त्यात पक्ष नोंदवा, नाहीतर नाव त्यांच्याकडे गेलं म्हणून समजा."

"कोण ते?"

"शेवटच्या थांब्यावरची कोणी नर्स आहे."

"पण माझं नाव..."

"तुमचं कसलं? राखलेलं आहे, काका. विकत घेतलेलं नाही." बाईंनी चष्मा वर सरकवला. "किती वर्षं मी शिक्के मारले. मलाही वाटायचं, एखाद्या वर्षी हे खरंच माणसं घेऊन येतील."

ते शेवटचं वाक्य काकांना झोंबलं. घरी येऊन त्यांनी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे काकूंना लगेच कळलं.

चार दिवसांनी कचेरीतून पत्ता काढून नर्स स्वतःच दारात उभी. दवाखान्याच्या कपड्यांवर स्वेटर, पायात चालून चालून टाचा झिजलेले बूट. काकांना बघून तिचा चेहराच बदलला.

"अगं बाई! ते तुम्ही आहात? रुमालकाका, तुम्ही एकदा माझं शाळेचं दप्तर उचललं होतं. मैत्रिणीसाठी जागा धरली होती मी. रडले होते."

"मैत्रीण आली होती?"

"नाही."

"मग?"

"अहो, तिला आधी बसू तर द्या," काकू आतून म्हणाल्या. "की आपल्या घरातही तिकीट लागतं?"

नर्स बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. बस आता शेवटच्या थांब्यापर्यंत येत नाही. पाण्याच्या टाकीपाशीच वळते. पुढचं सगळं पायी. नगरपालिकेत गेलं की म्हणतात, निवडणुकीनंतर बघू. निवडणुकीत म्हणतात, निवडून आलो की बघू. तेव्हा वस्तीने ठरवलं की आपलाच पक्ष काढायचा. नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं, तर सगळ्यांच्या तोंडून एकच आलं. पण निवडणुकीसाठी पक्षांची यादी पुढच्या महिन्यात बंद होणार. काकांची मुदत संपेपर्यंत थांबलं तर ही निवडणूक हातची गेली.

"म्हणून म्हणते, काका, नाव सोडा. एक सही लागते फक्त."

काकांनी उत्तर म्हणून आतून फाईल आणली. नर्सने दोरी सोडली, पाच-सहा पानं वाचली.

"काका, यात सभासदाने जांभई कोणत्या हाताने झाकायची, तेवढंच राहिलंय."

"तुमचे नियम कुठे आहेत?"

तिने पिशवीतून एकच कागद काढला. काकांनी उलटून पाहिला. मागे कोरा होता.

"यात शिक्षेचं कलमच नाही."

"शिक्षा कोणाला करायची? रोज टाकीपासून चालतोच आहोत."

"आणि हरलात तर? हे नाव साधं नाही. ज्याचं होतं तो माणूस..." काकांनी आवाज चढवला. "चार मतं पडली म्हणजे लोक हसतील. नावाची माती होईल!"

"झाली तर झाली. मातीतच राहतो आम्ही." नर्स उठली. चप्पल-बुटांच्या रांगेतून आपले बूट शोधताना खाली बघतच म्हणाली, "काका, 'रुमाल बसत नाही' असं कोण म्हणायचं हो? माझ्या लक्षात आहे म्हणून विचारलं."

ती गेली. काकूंनी तिचा अर्धा राहिलेला चहाचा कप उचलला. दोरी सुटलेली फाईल नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि आत गेल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नुसती फाईल मांडीवर ठेवून काय काय बोलता येतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी काका बसमध्ये बसले. भाऊ गेल्यापासून ते त्या वाटेला फिरकले नव्हते. ज्या थांब्याचं नाव एवढं सांभाळून ठेवलं, तिथली बस बंद झाल्याचंही त्यांना परक्या बाईकडून कळावं! टाकीपाशी बस वळली, सगळे उतरले, काकाही उतरले. संध्याकाळ होत आली होती. पुढे एक माणूस खांद्यावर गॅसचं सिलिंडर घेऊन चाललेला, त्याच्या मागे दवाखान्यात झाडू-पोछा करणाऱ्या दोघी, आणि एक म्हातारी. ती थोडं चालायची आणि दगड बघून बसायची. तिसऱ्या दगडाला काकांनी तिची पिशवी घेतली.

"कुणाकडे आलात?" तिने विचारलं.

काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बघायला आलो," ते म्हणाले.

"काय बघायला? इथे काय आहे?"

शेवटच्या थांब्यावर बसची शेड अजून उभी होती. आत कुणाची तरी शेळी बांधलेली. जिथे ते आणि भाऊ डबा खायचे त्या वळणावर गुडघाभर गवत वाढलं होतं. काका तिथे जरा वेळ उभे राहिले. मग नर्सचं घर विचारत गेले.

"सही करणार नाही," दारातूनच म्हणाले. "नाव सोडायचं, मग तुम्ही मागायचं, मग त्यांनी द्यायचं, यात महिना जाईल. नाव माझ्याकडे राखलेलं आहे. त्याच्यावरच पक्ष नोंदवू. मी येतो तुमच्यात."

नर्सने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "फाईल आणणार?"

"फाईल आणणार," काका म्हणाले.

स्थापनेच्या सभेचा नियम कडक होता. किमान पन्नास सभासद एका वेळी, एका जागी हजर हवेत आणि कचेरीच्या माणसासमोर हात वर करून ठराव व्हायला हवा. अडचण अशी की त्या वस्तीची माणसं एका वेळी एका जागी कधी नसतच. निम्मी दिवसपाळीची, निम्मी रातपाळीची. संध्याकाळची बस टाकीपाशी निम्म्यांना उतरवायची आणि उरलेल्या निम्म्यांना घेऊन जायची. बस उभी असायची तेवढाच वेळ सगळे एकमेकांना दिसायचे. नर्सने सभा तिथेच ठेवली, टाकीच्या कठड्यापाशी. कचेरीतून नोंदणीबाई आल्या, कापडी पिशवी छातीशी धरून.

"दोन शब्द बोला, काका," नर्स म्हणाली. "दोनच."

इथे काकांनी घोटाळा केला. दुसऱ्या कोणाला जमला नसता असा. त्यांनी फाईलची दोरी सोडली. प्रस्तावना झाली, उद्देश झाले, 'सभासदांचे वर्तन' सुरू झालं. नर्स खुणा करत होती, काकू पदराने वारा घेत होत्या, शेडमध्ये शेळी बांधणारा माणूस उभ्या उभ्या पेंगत होता. काकांच्या डोळ्यांना कागदापलीकडचं काही दिसत नव्हतं. इतकी वर्षं हे ऐकायला कोणी मिळालं नव्हतं हो त्यांना! आणि मग हॉर्न वाजला.

झालं. रातपाळीची माणसं पळत सुटली. पळणार नाहीत तर काय करतील? बस चुकली तर कामाचा खाडा. बघता बघता निम्मी सभा बसमध्ये आणि निम्मी कठड्यापाशी.

"पन्नास नाहीत," नोंदणीबाई म्हणाल्या. "माझ्या हातात काही नाही."

नर्सने आपला कागद घडी करून पिशवीत ठेवला. तिने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

काकांनी फाईल कठड्यावर टाकली आणि ते बसकडे धावले. या वयात माणसाने असं धावू नये, पण धावले. मागच्या दाराने चढले आणि घंटी दाबली. एकच.

एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. पुढे ड्रायव्हरने गिअरला घातलेला हात आपसूक मागे घेतला. त्याचा मेंदू नंतर जागा झाला.

"ओ काका!" बसचा तरुण कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "घंटी मी मारायची!"

"मार ना. प्रवासी चढतायत, दिसत नाही? चढले की मार."

"कोण चढतंय?"

काका दारातून ओरडले. तिकिटं फाडताना यायचा तसा खणखणीत आवाज. "चला, चढा! सगळे चढा! आत सरका, मधे थांबू नका! बाई, तुम्हीसुद्धा!"

आत्ताच उतरलेली माणसं पुन्हा चढली. काकू चढल्या. नोंदणीबाई पायरीवर अडखळल्या, त्यांना दोघांनी वर ओढलं. "एक जागा म्हणजे एक जागा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "ही हलली तर ठराव बाद!"

"माझी घंटी आहे तोवर हलत नाही," काका म्हणाले.

"माझी घंटी," तरुण कंडक्टर म्हणाला, पण जरा हळू.

नर्सने आपला कागद वाचला. वाचायला वेळ लागण्यासारखा नव्हताच. नोंदणीबाईंनी घसा साफ केला. "ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा."

उभ्या असलेल्या सगळ्यांचे हात आधीपासूनच वर होते. दांडीला.

"दांडीचे हात मी मोजणार नाही!" बाई कडाडल्या. "दुसरा हात!"

बसमध्ये असं हसू फुटलं की ड्रायव्हरही मागे वळून बघायला लागला. पिशव्या खाली ठेवल्या गेल्या, डबे काखेत गेले आणि सगळ्यांचे दोन्ही हात वर. जणू कोणी पिस्तूल रोखलंय. बाईंनी पुढून मागे मोजलं, मागून पुढे मोजलं, आणि मान हलवली.

"जमले. आणि नियम कोणते जोडायचे? ती फाईल?"

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. कठड्यावरची फाईल वाऱ्याने सुटली होती आणि 'सभासदांचे वर्तन' टाकीभोवती प्रदक्षिणा घालत होतं.

"एका पानाचे जोडा," ते म्हणाले. मग दिवसपाळीची माणसं उतरल्यावर स्वतःही उतरत तरुण कंडक्टरकडे वळले. "आता मार. दोन."

पक्ष नोंदवला गेला आणि नर्स निवडणुकीला उभी राहिली. काका दारोदार हिंडले. पहिल्या दाराशी त्यांच्या तोंडून "तिकीट" एवढाच शब्द निघाला, असं काकू सांगतात. त्यांचं सगळंच खरं धरू नये.

मतमोजणी एका शाळेत होती. बाकं थोडी, माणसं फार. पुढच्या बाकांवर मोठ्या पक्षाच्या लोकांचे रुमाल अंथरलेले आणि ते सगळे बाहेर चहाला. नर्स रातपाळी करून तशीच आलेली, भिंतीला टेकून उभी. काकांनी एक रुमाल उचलला, घडी केली, धावत आलेल्या मालकाच्या हातात ठेवला.

"अहो, जागा धरलीय!"

"रुमाल बसत नाही," काका म्हणाले आणि नर्सला म्हणाले, "बस."

निकाल लागला. शेवटचा थांबा पक्षाचा आकडा इतका लहान होता, की वाचणाऱ्याने तो पुढच्या पक्षाच्या नावाला जोडूनच वाचून टाकला. हेच ते. याचीच काकांनी इतकी वर्षं धास्ती घेतली होती. ते श्वास धरून उभे राहिले. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावर कोणीतरी शिंकलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," नर्स म्हणाली.

"एवढंच असतं?"

"एवढंच. उद्या ड्युटी आहे."

परतीच्या बसमध्ये काका नर्सच्या शेजारी बसले. त्यांचं घर मधल्या थांब्यावर. तो आला आणि गेला.

"काका, तुमचा थांबा मागे राहिला!"

"माहीत आहे," काका म्हणाले. "शेळीवाल्याच्या शेजारच्या चार घरांनी आपल्याला मत दिलं नाही. का नाही दिलं, ते विचारून येतो."

बस टाकीपाशी वळली. पुढचं सगळं पायी होतं.